दिवे लागेपर्यंत उभी

आई, काल नगरपालिकेच्या सभेत बायकांच्या मुतारीचा ठराव पास झाला. कागदावर तिला महिला स्वच्छतागृह म्हणतात. तू असतीस तर मुतारीच म्हणाली असतीस. बाजारात चिंचेखाली तू सुकट-बोंबलाची पाटी घेऊन बसायचीस ना, त्याच्या बरोबर मागं होणार आहे. एवढंच सांगायला बसले होते, पण लिहायला लागले तर कळलं, नुसता ठराव सांगून भागत नाही. आधी पक्षात भांडण झालं ते सांगावं लागेल, आणि ते भांडण तुझ्यावरूनच झालं. मला लांबण लावायचा कंटाळा आहे हे तुला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली ती घरच्या अडचणीनं, असं तू लोकांना सांगायचीस, पण खरं म्हणजे मास्तर एकच गोष्ट परत परत सांगायचे आणि मी उठून घरी यायचे. तुझ्या बोलण्याचाही मला कंटाळाच यायचा. एक निरोप सांगायला तू गल्लीच्या टोकापासून सुरुवात करायचीस. तरी आज मी सावकाश लिहिते आहे. सून दोनदा डोकावून गेली, म्हणाली, आई, कोणाला अर्ज करताय? म्हटलं, अर्ज नाही, बोलणी खायची तयारी करते आहे.

आधी तो नियम. तुला तो पाठ होता, पण तुझ्यामागं त्याचं इतकं काही होऊन बसलं की पहिल्यापासून मांडलेलं बरं. आपली नगरपालिका जुनी. सभागृहात वीज नव्हती तेव्हाचा नियम, की दिवे लावायची वेळ झाली की सभा उठते, आणि जो विषय अर्धा राहिला तो पुढच्या महिन्याच्या सभेत जातो. आणि दुसरा नियम, की सभासद उभा राहून बोलत असेल तोवर त्याला कोणी खाली बसवायचं नाही, मत घ्यायचं ते तो बसल्यावर. दोन्ही नियम वेगवेगळ्या पानांवर आहेत. पण एकत्र केले की असं होतं, की एकटा माणूस दुपारपासून दिवे लागेपर्यंत बोलत उभा राहिला, तर बाकी सगळ्यांचे हात वर जायला तयार असले तरी विषय महिनाभर लटकतो. आपल्या गावात त्याला विषय उभा ठेवणं म्हणतात. बाहेरदेशी मोठ्या सभांमध्येही असलंच काही चालतं असं टीव्हीवर ऐकलं, आणि हा नियम ठेवावा की मोडावा यावरून तिकडं एकाच पक्षातली माणसं एकमेकांवर उठली आहेत म्हणे. सुनेला म्हटलं, त्यांच्याकडं माझी आई नव्हती ना.

तो तुझा दिवस मला अजून समोर दिसतो. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आहे, पोट पुढं घेऊन सभागृहाच्या मागच्या बाकावर बसलेली आहे. तू बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली, आणि गावानं धरलेलं आहे की सुकटवाली आहे, सांगितल्या जागी अंगठा देईल आणि चहा पिऊन घरी जाईल. विषय बाजाराच्या पटांगणाचा. तिथं दुकानांची तीन मजली इमारत बांधायची आणि आठवडे बाजार गावाबाहेर, नदीपलीकडच्या खडकाळ माळावर न्यायचा. सगळं ठरलेलं होतं. अध्यक्षांनी विषय वाचला, आता हात वर करा म्हणणार तेवढ्यात तू उभी राहिलीस. पहिल्यांदा कोणी तुझ्याकडं बघितलंही नाही. तू फाटकापासून सुरुवात केलीस. फाटकाशी चपला शिवणारा बसतो, त्याच्या अंगाला बांगडीवाली, का तर चपलेला टाका पडेपर्यंत बाई मोकळी असते आणि हात पुढं करते. मग गाडगी-मडकी. मग पेठच्या डोंगरातून नागली आणि वरई घेऊन येणाऱ्या बाया, त्या आदल्या दिवशीच येतात आणि पटांगणातच निजतात, त्यांना नदीपलीकडं कोण निजू देणार. सकाळी सावली कुठं असते, दुपारी कुठं सरकते, सावलीबरोबर कोणाची पाटी सरकते आणि कोणाची सरकत नाही, कारण त्याचा माल उन्हातच चांगला राहतो. तुझा माल. समोरच्या बाकावरच्या एकानं नाकाला रुमाल लावला. तू बोलण्याचा धागा न सोडता त्याला म्हणालीस, "वास येतो का सायेब? रातच्याला तुमच्या ताटात येतो तवा नाय येत?" सगळं सभागृह हसलं आणि त्याचा रुमाल खिशात गेला.

मला तोवर जायची घाई झालेली. नगरपालिकेच्या त्या इमारतीत बायकांना जायला जागाच नव्हती, बाई तिथं येईल असं बांधणाऱ्याला वाटलंच नसणार. मी उठले, पलीकडच्या गल्लीत ओळखीच्या घरी जाऊन आले, पाणी प्याले, थोडी टेकले, आणि परत आले तरी तू बोलतच होतीस. तेव्हा तू मिरचीवाल्यांपर्यंत पोचली होतीस. मला तुझे पाय दिसत होते. एक टाच उचलायची, ती टेकवायची, मग दुसरी उचलायची. आवाज तसाच, पण पाय असे. शिपायानं बटण दाबलं, नळ्या लुकलुकल्या, अध्यक्ष उठले. तू सरळ बाहेर, इमारतीच्या मागं, बोरीच्या झुडपाआड, आणि मी पदर पसरून तुझ्यासमोर उभी. तेव्हा मला कळलं की तू आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हतास. झुडपामागूनच म्हणालीस, "उभं ऱ्हायचं असलं की पाणी बंद. ध्यानात ठिव." मी तेव्हा म्हटलं होतं की मला कशाला ध्यानात ठेवायचंय, मी काय उभी राहणार आहे का कुठं. त्या महिन्यात दर बाजाराला सगळी पटांगणावरची माणसं पाट्या घेऊन नगरपालिकेच्या आवारात येऊन बसली. गावानं पहिल्यांदा बघितलं की बाजार म्हणजे किती माणूस. पुढच्या सभेत इमारतीसाठी इतके थोडे हात वर गेले, की मोजायलाही शिपाई उठला नाही. आज बाजार जिथल्या तिथं आहे. नवी माणसं येतात, विचारतात, एवढी मोक्याची जागा रिकामी कशी राहिली? मी सांगते, रिकामी नाही, माझ्या आईनं राखलेली आहे.

आणि शेवटच्या खेपेचं. तुला साखरेचा आजार झाला होता, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. कुठल्याशा नाल्याच्या विषयावर तू उभी राहिलीस तेव्हा त्या वेळचे अध्यक्ष, भला माणूस, हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. तुम्ही उभ्या आहात असं आम्ही धरतो." सगळ्यांनी बाक वाजवले. तू बसलीस. त्या संध्याकाळी मी तुझ्या स्वयंपाकघरात होते. तू चुलीपाशी पाय लांब करून बसलेली, मी तेल कोमट करून तळव्यांना लावत होते आणि म्हणत होते, बरं झालं बाई, एवढा मान दिला, बसायला तरी मिळालं. तू पाय ओढून घेतलास. म्हणालीस, "गप बस. काय बरं झालं? खाली बसले आन् बोलायचंच ऱ्हायलं माझं. उद्या कुणीबी घरी बसून उभं ऱ्हाईल." मला वाटलं, दुखण्यानं चिडचिड करते. तू त्यानंतर फार दिवस राहिली नाहीस.

आणि झालं तसंच. तुझ्यामागं एक आजारी सभासद होता, त्यानं चिठ्ठी पाठवली, मी उभा आहे असं धरावं. धरलं. मग कोणी लग्नाला गेला, त्यानं पाठवली. मग कोणाला नुसतं जेवायला घरी जायचं होतं. आता दोन शब्दांची चिठ्ठी असते, विषय उभा, आणि खाली सही. ती अध्यक्षांच्या टेबलावर गेली की विषय महिनाभर लटकला. कोणी बोलत नाही, कोणी ऐकत नाही, सभा चहाच्या आधी उठते. मी निवडून आले तेव्हा पहिल्या सभेत मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कुठल्या खोलीत आलो. ज्या जागी तू उभी होतीस तिथं लोक कागद सरकवत होते.

माझी मुतारी अशीच अडली. पटांगणावर दिवसभर बसणाऱ्या बाया अजूनही तुझ्यासारख्याच, पाणी न पिता बसतात. चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणाऱ्या बाया आपल्या गावावरून जातात, त्या माझं घर शोधत येतात, ताई, जरा जाऊ का म्हणतात. मी निवडणुकीत एकच गोष्ट सांगितली होती, बाकी काही कबूल केलं नव्हतं. आमच्या पक्षाचं बहुमत आहे, पैसे मंजूर आहेत, जागा मोजलेली आहे. पण पटांगणाला लागून कापडाचं मोठं दुकान आहे, त्याचे शेठ विरोधी बाकावर बसतात, आणि विषय निघाला की त्यांची चिठ्ठी. दर महिन्याला. मी एकदा त्यांना दुकानात जाऊन विचारलं, तुमचं म्हणणं तरी काय आहे? ते म्हणाले, चिठ्ठीत आहे. चिठ्ठीत काय होतं ते वर लिहिलंच आहे.

म्हणून आमच्या पक्षातल्या एका तरुण सभासदानं टूम काढली की हा नियमच काढून टाकावा. नाशकाजवळ अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, मशीनवर काम करून त्याला प्रत्येक गोष्ट झटपट लागते. मला पोरगा आवडतो, माझ्यासारखाच उतावळा आहे. पण पक्षात दोन तट पडले. तरुण त्याच्या बाजूनं, जुने गटनेत्याच्या बाजूनं. गटनेता तुझ्या वेळचाच, तेव्हा मागच्या बाकावर बसायचा, आता पुढच्या. तो म्हणाला नियमाला हात लावायचा नाही. दोघांचं पटेना तेव्हा पक्षाच्या जिल्ह्यातल्या साहेबांनी सगळ्यांना नाशकात गंगापूर रोडला बोलावून घेतलं. तरुण पोराच्याच गाडीतून गेलो. तो वाटेत म्हणाला, "मावशी, तुम्ही तर आमच्याच बाजूनं. तुमचीच मुतारी अडकलीय." मी म्हटलं, बघू.

साहेबांच्या घरी थंडगार खोली, काचेचं टेबल, आणि बिस्किटं कोणी खात नाही अशी. पोरानं आपलं मांडलं. प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की बसायचं, हात वर, विषय खलास. माझी मान डोलत होती, खोटं कशाला सांगू. मग तो बोलण्याच्या भरात म्हणाला की मुतारी तर एका सभेत होईल, आणि तो बाजाराच्या पटांगणाचा जुना विषयही एकदाचा मार्गी लागेल. माझी मान थांबली. गटनेता गालात हसला. त्याचं म्हणणं वेगळं. आज आपण जास्त आहोत, उद्या ते असतील, तेव्हा चिठ्ठी आपल्याला लागेल. म्हणजे त्याला नियमाचं काही नव्हतं, चिठ्ठीचं होतं. आणि मग त्यानं साहेबांना माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "ही सवलत सुरू झाली ती या ताईंच्या आईसाठी. त्यांच्या आईच्या नावची आहे. ती आपण मोडायची का?"

आई, मला वाटलं समोरचा पेला उचलून भिंतीवर फेकावा. तू म्हणायचीस तसं मी आधी गिळलं, मग बोलले. म्हटलं, "माझी आई त्या दिवशी खाली बसली आणि गप्प झाली. जन्मात एकदाच गप्प झाली. तिच्या नावावर तुम्ही काय काय खपवाल?" मग मी सांगितलं की मला तुमच्या दोघांचंही नको. नियम राहू द्या, चिठ्ठी बंद करा. ज्याला विषय अडवायचाय त्यानं आपल्या पायावर उभं राहावं आणि त्याच विषयावर बोलावं. पाय दुखले की बसावं. गटनेत्यानं लगेच विचारलं, आजारी माणसानं काय करायचं? म्हटलं, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं उभं राहावं, आणि त्याच्यासाठी उभं राहायला गावात एकही माणूस मिळत नसेल तर त्यानं विषय अडवावा कशाला. साहेब कंटाळले होते. म्हणाले, "ताई, ही बैठक आहे, बाजार नाही." मी म्हटलं, "बाजारात निदान माल दाखवून बोलतात, साहेब." तिथं एक-दोघं हसले, साहेब हसले नाहीत. त्यांनी निर्णय दिला की नियम काढून टाकायचा, सगळ्यांनी त्यालाच हात वर करायचा. पण लेखी आदेश काढायचा तो गटनेत्यानं, आणि गटनेता काढेना. म्हणून साहेबांनी मला दारापर्यंत येऊन तोंडीच बजावलं, विरुद्ध गेलात तर पुढच्या वेळी तिकीट विसरा. जाताना गाडीत जागा होती, येताना कोणी विचारलं नाही. मी एसटीनं घरी आले. दोन्ही तट माझ्यावर रागावलेले. अख्ख्या पक्षात कशावर एकमत होतं तर ते एवढंच.

काल सभा होती. मी आदल्या रात्रीपासून पाणी सोडलं होतं. गरज नव्हती, आता तिथं बायकांची सोय आहे, दोन पायऱ्या उतरून उजव्या हाताला. पण सोडलं. पोरानं नियम काढून टाकायचा ठराव मांडला. नियमांवरच्या ठरावाला चिठ्ठी चालत नाही, आणि उभं राहून अडवायची सवय कोणाला उरली नव्हती. मी उपसूचना दिली, सुनेनं लिहून दिली होती, मी वाचली, एका शब्दाला अडखळले आणि पुढं गेले. मग बोलायला उभी राहिले. मी थोडंच बोलले, तुझ्यासारखं मला जमत नाही. मी फक्त तो दिवस सांगितला. पाण्याचं सांगितलं, आणि सभा उठल्यावर तू कुठं गेलीस आणि मी कशी पदर धरून उभी होते तेही सांगितलं. पुरुषांच्या सभेत हे सांगताना तोंड कोरडं पडलं, पण सांगितलं. शेवटी म्हणाले, "चिठ्ठी लिहिणाऱ्यानं आदल्या रात्री काय सोडलं, तेवढं सांगावं. मग मी खाली बसते." मी एकेका बाकाकडं बघितलं. मत घ्यायचं तर बसावंच लागतं. मी बसले.

हात वर गेले ते कसे गेले हेही सांगते, नाहीतर तुला वाटेल माझ्या भाषणानं लोक रडले. विरोधकांनी माझ्या बाजूनं हात वर केले, कारण माझी उपसूचना पडली असती तर नियमच गेला असता. गटनेत्यानं इकडंतिकडं बघितलं, त्यालाही तेच दिसलं, मग त्याचा हात हळूच वर आला आणि त्याच्या मागं जुन्यांचे. सगळं गणित होतं. पण एक बाई, पहिल्यांदाच निवडून आलेली, तरुणांच्या तटातली, तिनं कोणाकडं न बघता हात वर केला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तुझं. पोरगा हाताची घडी घालून बसून होता. चिठ्ठी गेली, आई. उभं राहणं राहिलं.

आणि लगेच पुढचा विषय माझा. अध्यक्षांनी महिला स्वच्छतागृह असं वाचलं आणि शेठनी सवयीनं चिठ्ठी पुढं केली. अध्यक्ष म्हणाले, "शेठ, आता उभं राहावं लागेल." हशा झाला. शेठ बाकाला धरून उठले. म्हाताऱ्याचं वय तुझ्या त्या दिवसाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त. मला वाटलं चार वाक्यं बोलतील आणि बसतील. नाही बसले. गटारीपासून सुरू झाले, मग त्यांचे वडील, वडिलांनी कापडाचे तागे डोक्यावर घेऊन सुरू केलेला धंदा, मग बाजार. मग अचानक तुझ्याकडं वळले. म्हणाले, "या बाईंच्या आईची पाटी माझ्या मागच्या दाराशी असायची. आमच्या घरात लसूणसुद्धा येत नाही. पण पावसाळ्यात त्या बोंबलाच्या वासानं माझी भूक चाळवायची, हे आज सांगायला हरकत नाही." सगळे हसले, मीही हसले. आणि मग ते खऱ्या गोष्टीवर आले. नकाशात मुतारीचं दार त्यांच्या मागच्या दारासमोर काढलेलं आहे. त्यांची बायको गुडघ्यांनी अधू झाली आहे, जिना चढवत नाही, दुपारभर त्या मागच्या दारातच धान्य निवडत बसते. तेवढीच तिला माणसं दिसतात. समोर मुतारीचं दार आलं तर तिनं कुठं बसायचं? एवढंच होतं त्यांचं. इतके महिने विषय अडलेला, आणि मला हे माहीत नव्हतं, कारण दोन शब्दांच्या कागदात बायको मावत नाही.

मी अध्यक्षांकडं चिठ्ठी सरकवणार होते की दार चिंचेच्या अंगाला काढू, तेवढ्यात थांबले. चिठ्ठी बंद करणारी मीच. बोलायचं तर शेठ बसल्यावरच बोलायचं. आणि शेठ बसेनात. त्यांनाही चव लागली होती. मग मला त्यांचे पाय दिसले. एक टाच उचलली, टेकवली, दुसरी उचलली. त्यांची नजर दरवाजाकडं जाऊन परत येत होती. मुतारीच्या विरोधात बोलणारा माणूस, आणि त्याला जायचं होतं. सगळ्यांना कळलं, पण कोणी हसलं नाही. शेवटी ते म्हणाले, "अध्यक्ष महाराज, दोन मिनिटं जाऊन येऊ का?" अध्यक्षांनी नियमात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. गेले तर बसल्यासारखंच होतं. मी म्हटलं, "जा शेठ. तुम्हाला जायला जागा आहे." आणि अध्यक्षांना सांगितलं की हात त्यांच्यासमोर वर करायचे, ते येईपर्यंत थांबा. ते येऊन बसले, मग मी उभी राहून दाराचं सांगितलं, ठराव दुरुस्त झाला आणि पास झाला. शेठनी हात वर केला नाही. पण बाहेर पडताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "तुझी आई कशी काय टिकायची गं एवढी?" म्हटलं, "पाणी प्यायची नाही."

आज सकाळी पटांगणावर जाऊन आले. बाया कालचं एकमेकींना सांगत होत्या, आणि त्यांच्या सांगण्यात तू आणि मी एकच होऊन गेलो होतो, दिवे लागेपर्यंत मीच बोलले असं एकीनं मला छातीठोकपणे सांगितलं. मी दुरुस्त केलं नाही. तिकीट मिळणार नाही, हे आता नक्की आहे. साहेबांचा फोन आला होता, मी उचलला, त्यांना जे बोलायचं ते बोलले, मी हो म्हटलं. पुढच्या वेळी मी पाटी घेऊन बसेन, तुझ्या जागी, आणि मागं मुतारी असेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. पहिल्यांदाच मला असं वाटतं की तू मला बघून शेजारणीला म्हणाली असतीस, ही माझी.

हे पत्र कुठं जाणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दुसऱ्याच ओळीला त्याला थांबवून तू स्वतः सांगायला लागली असतीस. म्हणून इथंच ठेवते. फक्त एक गोष्ट राहिली, जी मी सभेत कोणाला सांगितली नाही, सुनेलाही नाही. शेठ बोलत होते तेव्हा ऊन अजून फरशीवर होतं, दिवे लागायला बराच वेळ होता. मुतारी माझी, महिने घालवलेले माझे, तिकीट माझं गेलेलं. मला तर कोणाचं लांबलेलं बोलणं कधी सोसलंच नाही, तुझंही नाही. पण मी त्या म्हाताऱ्याच्या टाचांकडं बघत होते, आणि मनात त्याला म्हणत होते, थांब, अजून थोडं, बसू नको.